पितळ उघडे पाडून मिळेल

मनुष्याने उतारवयात एखादा छंद जोपासावा, असा उपदेश रविवारच्या पुरवण्यांतून जे विद्वान नित्यनेमाने करतात, त्यांच्या घरी जुने कॅमेरे रंगवणारा भाचा मुक्कामास आलेला नसावा, असा माझा आता पक्का समज झाला आहे. आमचा भाचा दिवसा मालाडच्या एका कचेरीत संगणकासमोर बसतो आणि रात्री, सज्जन माणसे घोरू लागतात त्या प्रहरी, फिल्मच्या रोळावर चालणारे, पेन्शनीत निघालेले कॅमेरे उघडून त्यांचे रुपेरी कवच उतरवतो, त्यास काळा अथवा गिऱ्हाइकाच्या मर्जीस येईल तो रंग देतो आणि कॅमेरा पूर्ववत जुळवून परत करतो. ह्या कामाचे त्यास पैसे मिळतात, आणि बऱ्यापैकी मिळतात, हे त्याने प्रथम सांगितले तेव्हा माझ्या कुटुंबाने, "पण कॅमेऱ्याने फोटो काढायचे असतात ना रे?" एवढेच विचारले. त्यावर "मामी, ते वेगळं डिपार्टमेंट," असे उत्तर मिळाले. आणि तेव्हापासून आजतागायत त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कोणाच्याही तोंडून फोटो हा शब्द मी फारसा ऐकलेला नाही.

रंगकाम ही गोष्ट मुंबईच्या उपनगरांतील आमच्या चारकोपला मुळीच परकी नव्हे. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने म्हाडाने येथे चिमुकले भूखंड आखले, रस्ते, नळ आणि गटारे यांचा बंदोबस्त केला, आणि घर मात्र ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे, असा उदार हुकूम काढला. त्याचा परिणाम असा झाला की, एकाच अंगणाभोवती, एकाच मापाच्या जागेत राहणाऱ्या लोकांस आपले वेगळेपण जगाच्या निदर्शनास आणून देण्यासाठी रंगाखेरीज दुसरे साधन उरले नाही, आणि एका भिंतीला वाटाणी हिरवा तर तिलाच चिकटलेल्या भिंतीला जांभळा, असा वर्णसंकर गल्लोगल्ली प्रस्थापित झाला. आम्ही राहतो ती इमारत पुष्कळ नंतरची. तिला क्रीम रंग द्यावा की पिस्ता, ह्या प्रश्नावर आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा इतक्या वेळा तहकूब झाली आहे की, मूळचा रंग कोणता होता ह्याविषयीच आता सभासदांत दोन तट आहेत. अशा रंगनिष्ठ वातावरणात मुक्काम पडलेल्या पोराने कॅमेऱ्यांवर हात टाकला, ह्यात नवल ते काय?

त्याचा पहिला डोळा गेला तो आमच्या वडिलांच्या कॅमेऱ्यावर. वडील बोटीवर नोकरीस असताना त्यांनी योकोहामाहून आणलेला हा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, म्हणजे असाही कंपनीने १९६४ साली बाजारात आणलेला आणि पुढे जगभर खपलेला नमुना, आमच्या कपाटात चामड्याच्या डबीत, बुरशी येऊ नये म्हणून तांदळाच्या पुरचुंडीसह, अब्रूने निवृत्तीचे दिवस काढीत होता. भाच्याने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि एखाद्या तालेवार स्थळाने मुलीचा वर्ण सावळा नसल्याबद्दल हळहळावे तसा तो हळहळला.

"मामा, चांगला आहे, पण रुपेरी आहे."

"मग?"

"काळा हवा होता."

काळ्याचे माहात्म्य त्याने मला त्या रात्री जेवणानंतर समजावून दिले. युद्धभूमीवर वा रस्त्यावर कोणाच्या नकळत छायाचित्रे घेणाऱ्या वार्ताहरांस क्रोमची चकाकी अडचणीची होई, म्हणून कारखाने थोडे कॅमेरे काळ्या रंगात काढीत. ते थोडे म्हणून दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून आज त्यांच्या किमती रुपेरी भावंडांच्या कितीतरी पट. १९४८ च्या जानेवारीत महात्माजींची अखेरच्या दिवसांतील छायाचित्रे घेणारा फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चमकत्या भागांवर काळी चिकटपट्टी लावीत असे, हेही त्याने भक्तिभावाने सांगितले.

"मग चिकटपट्टीच लाव ना," आतून आवाज आला. "पाच-दहा रुपयांत काम होईल."

मोठ्या लोकांची चरित्रे घरात मोठ्याने वाचू नयेत, ती ह्याचसाठी.

कॅमेरा उघडण्याचा विधी आमच्या जेवणाच्या टेबलावर पार पडला. वरची टोपी सुटण्यापूर्वी अनेक चकत्या, कड्या आणि मोहरीएवढे स्क्रू ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत, म्हणून ते बर्फाच्या ट्रेच्या खणांत ओळीने मांडून ठेवावेत, अशी ह्या क्षेत्रातील जाणकारांची परिपाठी आहे. आणि पाहुणे आले की बर्फाचा ट्रे धुऊन, भरून फ्रीजमध्ये ठेवावा, अशी आमच्या घरची. ह्या दोन परंपरांचा संगम जेथे झाला तेथे माझे व्याही कोकम सरबत पीत होते. "खडीसाखर घातली आहे वाटतं," असे ते म्हणाले, आणि तो स्क्रू अत्यंत सभ्यपणे बशीच्या कडेला काढून ठेवून पुढे दाताच्या डॉक्टरांचा विषय त्यांनी आपण होऊनच काढला. भाच्याच्या चेहऱ्यावर मात्र हरवलेले लेकरू गवसल्याचा आनंद होता. एक स्प्रिंग उडाली ती कायमची. कामवालीने तीन दिवस लादी पुसताना प्रत्येक कण त्याला दाखवून घेतला, आणि चौथ्या दिवशी पगारवाढ मागितली.

आता टोपीवरचे क्रोम उतरवणे आले. क्रोमच्या गुळगुळीत पाठीवर रंग धरत नाही, काही दिवसांत पापुद्रे सुटतात. शिवाय क्रोमखाली बहुधा निकेलचा थर असतो, तोही काढला नाही तर पुढेमागे रंग झिजल्यावर आत पांढरे दिसते, आणि दिसायला हवे ते पिवळे. हे काम तेजाबाने वा विजेच्या प्रवाहाने घरी करणारे लोक जगात आहेत, परंतु त्यातून सुटणारे क्रोमचे क्षार महाविषारी असतात हे भाच्याने प्रामाणिकपणे सांगितल्याबरोबर त्याची मोरीतील प्रयोगशाळा सुरू होण्यापूर्वीच बरखास्त झाली, आणि मामा-भाचे औद्योगिक वसाहतीतील एका मुलामा देणाऱ्या कारखान्यात रुजू झालो.

"क्रोम चढवायचं?" मालकाने विचारले.

"उतरवायचं."

त्याने टोपी हातात घेतली, मग आमच्याकडे पाहिले, मग पुन्हा टोपीकडे. पितळी वस्तूवर क्रोम चढवून घेण्यासाठी हयातभर लोकांनी त्याच्या दारात रांगा लावलेल्या. चढलेले, धडधाकट, एक ओरखडा नसलेले क्रोम काढून द्या म्हणणारा इसम त्याच्या अनुभवात एकाच प्रकारचा असे.

"माल तुमचाच आहे ना, साहेब?"

मी सरकारी नोकरीत उभी हयात इमानेइतबारे काढलेला माणूस. तरीही सदरहू वस्तू वडिलोपार्जित असून मी ती राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता विद्रूप करून घेत आहे, अशा आशयाचा कबुलीजबाब मला एका बिलाच्या पाठीवर लिहून द्यावा लागला. त्यावर त्याने भाच्याची साक्ष घेतली. अंगठा तेवढा मागितला नाही.

टोपी परत आली ती पिवळीधमक. ती ओट्यावर ठेवून भाचा कचेरीत गेला, आणि कुटुंबाने, देव्हाऱ्यातील समई आणि घंटा घासायला घेतलीच होती म्हणून, ओघात तिच्यावरूनही पितांबरीचा हात फिरवला. संध्याकाळी येऊन पाहतो तो निरांजनाशेजारी असाही पेंटॅक्सचे मस्तक झळकत असून त्यावर हळदीचे बोट लागलेले.

"आता ह्यावर काळं फासणार तुम्ही?" तिने विचारले.

भाच्याने होकार दिला. ती काही बोलली नाही. पण त्या रात्री आमटीत मीठ नव्हते.

रंगाऱ्याचे प्रकरण मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण एका कलावंताचा तेजोभंग होताना मी प्रत्यक्ष पाहिला आहे. नाक्यापलीकडच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे डेन्टिंग-पेंटिंग करणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांस सारे उस्ताद म्हणतात. अपघातात चेपलेला पत्रा ठोकून, लांबी भरून, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासून, असा बेमालूम रंगवावा की गाडीच्या मालकालाच अपघाताविषयी संशय यावा, ही त्यांची ख्याती. त्यांनी टोपी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली.

"गणपतीच्या मुकुटाचं आहे का काही?"

"कॅमेऱ्याचं आहे."

"हरकत नाही. आधी प्रायमर, वर दोन हात काळा, वर क्लिअर कोट. मेटॅलिकही मारून देतो. दगडावर आपटा साहेब, टवका निघाला तर मिशी उतरवीन."

"क्लिअर कोट नको," भाचा म्हणाला. "झिजणार नाही मग."

"नाहीच झिजणार. तेच सांगतोय."

"नाही, म्हणजे... झिजला पाहिजे."

उस्तादांनी स्प्रेची बंदूक खाली ठेवली. कॉम्प्रेसर बंद करण्याची खूण पोऱ्याला केली. त्या शांततेत त्यांनी विचारले, "रंग निघून जायला हवा?"

"लगेच नाही हो. हळूहळू. कडांवरून. आतलं पितळ दिसलं पाहिजे."

उस्ताद माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत भाच्याविषयी राग नव्हता, माझ्याविषयी अनुकंपा होती. "साहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तीस वर्षं हात झिजवला, तो रंग टिकावा म्हणून. निघून जाणारं काम हवं असेल तर मागच्या गल्लीत जा. तिथे न सांगता होतं."

शेवटी मी मध्ये पडलो. गिऱ्हाईक वेडे असते आणि धंदा शहाणा, ह्या तत्त्वावर उभयतांचा तह झाला. उस्तादांनी पातळ काळा रंग दोन हात मारून दिला, पण पावती करताना 'गॅरंटी नाही' हे शब्द त्यांनी जाड ठशात लिहिले आणि खाली दोनदा रेघ मारली. एखाद्या सर्जनला जखम चिघळवून द्या म्हणून विनवावे, तसे काहीतरी आपल्या हातून घडले आहे, ही बोचणी घेऊन मी घरी आलो.

आषाढाचा महिना होता हे सांगायचे राहिले. हवेत दमटपणा असला की रंगातील थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरते आणि काळ्या रंगावर दुधाळ साय चढते. हे शास्त्र मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, जेव्हा वडिलांचा कॅमेरा काळाही नव्हता, रुपेरीही नव्हता, तर भस्म फासलेल्या गोसाव्याच्या पंथात गेलेला दिसला. पुन्हा उस्ताद. पुन्हा पावती. ह्या खेपेस रंग भट्टीत भाजून पक्का करावा असे ठरले, आणि भट्टी म्हणून आमच्या नानकटाईच्या ओव्हनची नेमणूक झाली. मी कुटुंबास त्याची वर्दी देणार होतो, पण ती भजनास गेलेली. परत येऊन तिने दारातच नाक वर केले आणि "काय जळतंय?" असे विचारले, त्यावर भाच्याने, "काही नाही मामी, आजोबा भाजतोय," असे जे अर्धवट उत्तर दिले, त्याने शेजारच्या दोन दारांच्या कड्या निघाल्या. त्या वर्षी आमच्या दिवाळीच्या फराळास एक विशिष्ट औद्योगिक सुवास होता. आलेल्यांपैकी एका सद्गृहस्थांनी, "वेलदोड्याऐवजी काय घातलंत?" अशी पृच्छाही केली.

ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी, टोपी वाळत असताना, खाडीकडून आलेला एक डास तीवर बसला तो बसलाच. चारकोपच्या तिवरांतील डास धूप, कॉइल, मच्छरदाणी ह्या सर्वांस पुरून उरतात. काळ्या रंगापुढे मात्र त्याचे चालले नाही. शटरच्या चकतीशेजारी तो पंख पसरून अजरामर झाला आहे. भाच्याने तो काढण्यास नकार दिला. उस्तादांकडे तिसऱ्यांदा जाण्याची आमची कोणाचीच छाती नव्हती.

उरले ते अक्षरलेखन. असाही पेंटॅक्स ही नाममुद्रा आणि शटरच्या वेगाचे आकडे धातूत कोरलेले असतात. रुपेरी कॅमेऱ्यावर ती अक्षरे काळ्याने भरतात, काळ्यावर पांढऱ्याने. खाचेत रंग भरायचा, तो ओला असतानाच वरचा वरच्या वर पुसायचा, खाचेतला मात्र पुसायचा नाही, अशी ही सूक्ष्म करामत. भाच्याचा हात कापतो, कारण तो रात्रीचा जागा. माझ्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. मी ६०, १२५ आणि २५० हे आकडे भरले, ते वाचून शटरचा नव्हे तर रक्तातील साखरेचा अंदाज येत होता. तेव्हा इतका वेळ पोथी वाचीत बसलेली आमची मंडळी उठली, उदबत्तीची काडी तासून तिने टोक केले, ठिपक्यांच्या रांगोळीत मुरलेल्या हाताने सारी अक्षरे एका बैठकीत भरली, बोटावर ओले फडके गुंडाळून वरचा रंग एका फटकाऱ्यात पुसला, आणि "झालं तुमचं?" असे म्हणून पुन्हा पोथी उघडली. जपानच्या कारखान्यात ह्याहून सुबक काम होत असेल असे मला वाटत नाही. भाच्याने तिला त्याच क्षणी प्रत्येक अक्षरामागे दर देऊ केला. तिने तो नाकारला आणि दुप्पट सांगितला.

ह्यानंतर थोड्याच दिवसांनी माझे थोरले बंधू पुण्याहून आले. काळ्याभोर पेंटॅक्सवरून हात फिरवून ते म्हणाले, "वा! हा सुरेख आहे. आणि आपल्या बाबांचा कुठे ठेवलास?"

मी चहा आणायला आत गेलो.

थिनरचा वास जिन्यातून वर चढू लागला तेव्हा सोसायटीचा खलिता येणार हे उघडच होते. 'सदरहू सदनिकेत रासायनिक स्वरूपाचा व्यवसाय विनापरवाना चालू असल्याबाबत' अशी विषयाची ओळ असलेली नोटीस घेऊन सचिव जातीने आले, सोफ्यावर बसले, कैफियत मागितली, आणि ती मी देत असताना त्यांची दृष्टी टेबलावरच्या ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांवर खिळली. नोटीस त्यांनी हळूच घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ते पिशवीत काहीतरी घेऊन आले.

तो अ‍ॅग्फा क्लिक-३ होता. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय महाराष्ट्राचे मुंज-बारसे ज्याने टिपले, तोच तो ठोकळा: एका रोळात बारा चौकोनी फोटो, ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी, आणि बाकी सारी मदार परमेश्वरावर. सचिवांच्या घरी बारा फोटोंत अख्खी मुंज बसवण्याचा शिरस्ता होता. मातृभोजनाला दोन, भिक्षावळीला तीन, आणि रुसलेल्या आत्याबाईंसाठी एक राखीव.

"ह्यालाही काळा करून टाका," ते म्हणाले. "आणि ते पितळ दिसतं तसं दिसू द्या कडेला."

"काका, हा प्लॅस्टिकचा आहे," भाच्याने नम्रपणे सांगितले. "ह्याच्या आत पितळ नाही."

सचिवांचा चेहरा पडला आणि लगेच तांबडा झाला. "आमच्या वडिलांच्या वस्तूत पितळ नाही म्हणता? आमचे वडील रेल्वेत हेडक्लार्क होते!"

"तसं नाही हो. कॅननचा एई-१, १९७६ चा, एवढा नावाजलेला, त्याचीसुद्धा वरची टोपी प्लॅस्टिकचीच आहे. नुसती धातूसारखी दिसते."

"मग तसंच दिसू द्या ना! कोण कापून बघतंय?"

भाच्याने थिनरचा एक बोळा कोपऱ्यावर फिरवून पाहिला, तो कोपरा बोळ्याबरोबर थोडा आला. सचिवांनी क्लिक-३ ला पदराआड घ्यावे तसे पिशवीआड घेतले आणि ते गेले. नोटीस त्याच संध्याकाळी पुन्हा दाखल झाली. विषयाच्या ओळीत 'ज्वालाग्राही' हा शब्द नव्याने पडला होता.

गिऱ्हाइकांच्या मागण्या पाहिल्या म्हणजे आमचे सचिव पुष्कळ संयमी वाटू लागतात. एका नवरदेवाला शेरवानीशी जुळेल असा पिस्ता रंगाचा निकॉन हवा होता. मला हा प्रकार थिल्लरपणाचा कळस वाटला, परंतु भाच्याने सांगितले की खुद्द कोडॅक कंपनीने १९२८ साली बायकांच्या पर्समध्ये मावतील असे रंगीबेरंगी 'व्हॅनिटी कोडॅक' काढले होते, आणि त्या रंगांना पाखरांची नावे दिली होती. दुसऱ्या एकाने चोरबाजारातून सोनेरी लायका आणला. त्यावर जर्मन गरुड, १९३६ च्या ऑलिंपिकची मुद्रा, सगळा थाट. भाच्याने आतून तपासून तो फेड ठरवला. खारकोवला अनाथ मुलांच्या वसाहतीत १९३४ पासून लायकाची ही हुबेहूब नक्कल बनू लागली आणि तिला नाव मिळाले ते सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाच्या आद्याक्षरांचे. पुढे कोणाच्या तरी धंदेवाईक बुद्धीला असे सुचले की, ह्यालाच सोन्याचा मुलामा देऊन गरुड कोरला तर लायका म्हणून खपेल, आणि तो जगभर खपला. "म्हणजे माझं पितळ उघडं पडलं म्हणा की," तो गृहस्थ खिन्नपणे म्हणाला. "हो," भाचा म्हणाला, "आणि तेही छान दिसतंय. असंच ठेवा."

मराठी माणसाचा आणि कॅमेऱ्याचा संबंध पूर्वी काही निराळाच होता, असे मला कधी कधी वाटते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे नात्यातले बंधू नाटकांचे पडदे रंगवीत, म्हणून पेंटर. त्यांनी चित्रपटाच्या वेडापायी कॅमेरा घरीच बनवण्याचा घाट घातला, आनंदराव १९१६ साली वारले, तेव्हा बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने तो तडीस नेला आणि पुढे १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. रंगारी असून त्यांनी कॅमेरा घडवला; रंगवत बसले नाहीत. हे मी भाच्याला ऐकवले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो, "त्या कॅमेऱ्याचा रंग कोणता होता?"

तर, काळे कॅमेरे तयार होऊ लागले, सुबक, कोरे करकरीत. आणि मग खरी तक्रार सुरू झाली. ते कोरे करकरीत दिसतात, ही. ज्यांनी रंगासाठी पैसे मोजले होते तेच आता रंग कधी जाणार म्हणून फोन करू लागले. कोणाला खोलीबाहेर न काढता कॅमेरा दहा वर्षे व्हिएतनामच्या चिखलात वापरल्यासारखा हवा होता, एक तर म्हणाला, "मला हा माझ्या हातून झिजलेला वाटला पाहिजे, पण मला वेळ नाही." ह्यांस वेडे म्हणावे तर शहाण्यांचे उदाहरण पुढे येते: २०१५ साली दस्तुरखुद्द लायका कंपनीने अमेरिकन गायक लेनी क्रॅव्हिट्झ याच्या नावे असे १२५ संच काढले की त्यांतील नव्या कॅमेऱ्यांचा रंग कारखान्यातच हाताने खरवडून पितळ उघडे केलेले. आणि २०२२ च्या जूनमध्ये वेट्झलारच्या लिलावात लायकाचा जनक ओस्कर बार्नाक याचा स्वतःचा कॅमेरा, १९२३ च्या सुमाराचा, काळा रंग जागोजाग उडालेला, एक कोटी चव्वेचाळीस लाख युरोंना गेला. शंभर कोटी रुपयांहून जास्तच झाले. तो कॅमेरा सुदैवाने आमच्या भाच्याच्या हाती लागला नव्हता.

भाच्याने दरपत्रक काढले: हलकी झीज, मध्यम झीज आणि वार्ताहर झीज. जीनच्या कापडाने, पॉलिश पेपरने, किल्ल्यांच्या जुडग्यासह डब्यात खुळखुळवून तो कडा उजळू लागला. पण ह्या प्रांतातील दर्दी लोक फार डोळस. "हे पेपरने घासलंय, हाताने झिजलेलं नाही," असे म्हणून दोघांनी माल परत केला. नैसर्गिक झिजेसाठी मोकळा वेळ असलेला, दिवसभर हिंडणारा, आणि फुकट मिळणारा मनुष्य हवा होता. भाच्याने माझ्याकडे पाहिले.

तेव्हापासून मी झिजवतो. कचेरीत मी पस्तीस वर्षे झिजलो तर कोणी दर विचारला नाही. आता गिऱ्हाइकांचे कॅमेरे गळ्यात अडकवून मी सकाळी चारकोपच्या तळ्याला फेरी घालतो, बाजारात मेथीच्या जुड्यांवर ते टेकवतो, बेस्टच्या खांबाशी लगट करतो, डहाणूकरवाडीहून मेट्रो धरून दहिसरपर्यंत उगाच जाऊन येतो, आणि ह्याचे मला महिना म्हणून काही मिळते. लोक थांबवतात. एका कुटुंबाने मला तलावाकाठी फोटो काढायला लावला. आत रोळ नाही हे सांगण्याचा धीर न होऊन मी त्यांना नीट उभे केले, आजीला मध्ये घेतले, "हसा" म्हटले आणि खटका दाबला. कधी मिळेल, असे त्यांनी विचारले. मी परवा म्हणालो. हल्ली मी त्या बाजूने फिरायला जात नाही.

पहिला माल रवाना झाला, आणि आठ दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन आला. झीज अस्सल होती, ती त्यास मान्य होती. पण ती उलट्या अंगाला होती. सर्व वार्ताहरांचे कॅमेरे उजव्या कडेला, शटरच्या बाजूने उजळतात. हा डावीकडे, रोळ गुंडाळण्याच्या बाजूने पिवळा पडला होता.

"हा फोटोग्राफर डावखुरा होता का?" त्याने विचारले.

भाच्याने रिसीव्हर झाकून माझ्याकडे पाहिले. मी डाव्या हाताने लाडू खात होतो.

"लग्नाच्या पंगतीपासून सांगतेय, उजव्या हाताने जेवा," आमची मंडळी आतून म्हणाली. "ऐकलं असतं तर आज पोराचं नुकसान झालं नसतं."

पण नुकसान झालेच नाही. डावखुऱ्या वार्ताहराचा कॅमेरा आपल्यापाशी आहे, असे त्या गृहस्थाने मित्रमंडळीत सांगितले मात्र, आणि दरपत्रकात चवथी ओळ भरावी लागली: 'डावखुरी झीज (दुर्मीळ)', दर वार्ताहराच्या दीडपट. तूर्त माझ्या डाव्या खांद्यावर दोन पेंटॅक्स आणि तो पिस्ता निकॉन आहे. नवरदेवाला साखरपुड्यापर्यंत पितळ दिसायला हवे आहे, आणि मुहूर्त जवळचा निघाला आहे.